सकाळी दहाची मध्यरात्र

ताईची परीक्षा ठरल्याचं कळलं तेव्हा जिन्यात सगळ्यांत मोठ्यानं ओरडले ती मी, आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली तीही मीच. सकाळचे दहा वाजले होते. ताईच्या घरात सकाळचे दहा म्हणजे मध्यरात्र.

“हळू! मध्यरात्री कसला हा गोंधळ?” ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, दार किलकिलं करून कुजबुजले. खाली रस्त्यावर भाजीवाला बोंबलत होता, समोरच्या गच्चीवर कपडे वाळत होते, आणि हा माणूस गंभीर चेहऱ्यानं मध्यरात्र म्हणत होता! पण त्या घरात यात कुणालाच विनोद वाटत नाही. ताई बंदरावर क्रेन चालवते, तीही रात्रपाळीला. त्यामुळे ती कामावरून येऊन अंथरुणाला पाठ टेकते ती ‘रात्र’, दुपारी दोनला उठून चहा पिते ती ‘सकाळ’, आणि साऱ्या जगाच्या रात्रीला तिथं नुसतं ‘ड्यूटी’ म्हणतात. मी वरच्या मजल्यावर राहते, केस कापायच्या दुकानात काम करते, आणि मलाही ही भाषा इतकी अंगवळणी पडली आहे की एकदा एका गिऱ्हाइकाला मी “उद्या सकाळी तीनला या” असं सांगून बसले. ती बाई परत आलीच नाही.

तर बातमी अशी की बंदरात नवी क्रेन आली होती. उंच, निळी, आणि मुख्य म्हणजे दिवसपाळीची! तिच्यासाठी रात्रपाळीतून एकच माणूस घेणार होते आणि परीक्षेला आमच्या ताईला बोलावलं होतं. शनिवारी, दुपारी चारला. पाण्यानं काठोकाठ भरलेलं पिंप क्रेननं उचलायचं, रोवलेल्या खांबांमधून वळणं घेत न्यायचं आणि आखलेल्या वर्तुळात ठेवायचं. पाणी हिंदकळून आतल्या खुणेच्या खाली गेलं की घरी जा.

धक्क्यावर ताईला सगळे घार म्हणतात. अंगानं बारीक, नाक भलं मोठं, आणि वर काचेच्या खोलीत बसून खाली पडलेला खिळा हेरणारी. सुरुवातीला ती फाटकावर गाड्यांचे पास तपासायची. पण लक्ष पासांत कुठलं, ते वर क्रेनकडे! गाड्या खोळंबायच्या, ड्रायव्हर हॉर्न बडवायचे. शेवटी साहेबच कंटाळून म्हणाला, “एवढीच हौस आहे तर जा वर.” ती गेली, आणि खाली उतरायचं नावच घेईना.

तिला दिवसपाळी का हवी होती, हे तिनं मला एकदाच सांगितलं, केस कापून घेताना. “लग्न झाल्यापासून आम्ही दोघांनी मिळून एकदाही दिवा मालवलेला नाही गं,” ती आरशात न बघता म्हणाली. “ते निजतात तेव्हा मी शिडीवर, मी निजते तेव्हा ते कामाला लागलेले.” आणि लगेच, “कानामागं नीट काप.” मी कान नीट कापला. म्हणजे कानामागचे केस.

भाऊजी शिंपी आहेत. पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, मागच्या खोलीत ताईची रात्र. ती झोपलेली असताना ते मशीनला हात लावत नाहीत. काजं करणं, बटणं लावणं, टिपा उसवणं, असली मुकी कामं दिवसा उरकतात. ताई ड्यूटीवर गेली की मग मशीन जे धडाडतं! शेजारी कुरकुर करतात. भाऊजी ऐकून घेतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

एवढं करूनही ऐन परीक्षेच्या तोंडावर ताईच्या झोपेचं पार खोबरं झालं. समोरच्या इमारतीला आरशासारख्या नव्या काचा बसल्या आणि सकाळचं ऊन त्यांच्यावरून उलटून थेट ताईच्या उशीवर यायला लागलं. भाऊजींनी जाड पडदे शिवले, तर खोलीची भट्टी झाली. पडदा ओढावा तर घाम, सरकवावा तर उजेड. त्यात रात्रभर खाली वाकून बघून तिची मान धरलेली. सरावाच्या वेळी तिला क्षणभर डुलकी लागली आणि अर्धं पिंप पाणी खाली उभ्या इशारेवाल्याच्या डोक्यावर. हा इशारेवाला म्हणजे जमिनीवरून हात दाखवून क्रेनला दिशा देणारा माणूस. “घार पेंगली!” म्हणून तो हसला. ताई घरी येऊन रडली.

त्याच आठवड्यात भाऊजींच्या आई राहायला आल्या. गुडघे दुखतात, पण जीभ ठणठणीत. पिशवीतून त्यांनी कपड्यांच्या आधी काय काढलं असेल, तर निळ्या गोळ्यांचं पाकीट. औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या, दुखणं थांबवणाऱ्या आणि झोपही आणणाऱ्या.

“भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा,” सासूबाईंनी आल्या आल्या निकाल दिला. “खरी झोप आली तर माणूस धोंड्यावर डोकं ठेवून निजतो. नाही आली तर ही घ्यावी. मी घेते. ढाराढूर!”

ढाराढूर यात शंकाच नाही. त्यांचं घोरणं मला वरच्या मजल्यावर ऐकू येतं.

“आई, तिला जागं ठेवतो तो उजेड,” भाऊजी म्हणाले. “उजेडाला गोळी घालून काय होणार? डोळ्यांवर पट्टी हवी, पट्टी!”

“पट्टी कशाला? ती तर लग्नाच्या वेळीच बांधून आली होती.”

झालं! घरात दोन पक्ष पडले. एक गोळीवाला, एक पट्टीवाला. मी पट्टीवाली. खरं सांगायचं तर मला गोळीचं काही कळत नव्हतं, पण सासूबाईंशी भांडायला मजा येत होती. त्यांना या घराची भाषाही मंजूर नव्हती. “दहा वाजता मध्यरात्र म्हणे! सूर्याला रात्र म्हणायचं मला या जन्मी जमायचं नाही,” असं त्या ठणकावून सांगायच्या.

भाऊजींनी आधी बाजारातून झोपेची पट्टी आणली. ताईनं ती बांधली, आडवी झाली आणि दहा मिनिटांत उठून बसली. पट्टी पापण्यांवर दाबत होती, आणि नाक उंच असल्यामुळे त्याच्या दोन्ही बाजूंना दोन खिडक्या सताड उघड्या. भाऊजींना तो स्वतःचाच अपमान वाटला. त्यांनी पट्टी उसवली, तिचा कागदावर नमुना काढला आणि मुकी कामं बाजूला सारून नवी शिवायला घेतली. पापण्यांना काही टेकू नये म्हणून आतून मऊ वाट्या बसवल्या. ही युक्ती कुठल्या कपड्यावरून सुचली असं मी विचारलं तर लाजून सुईत दोरा ओवायला लागले.

वाट्या छान झाल्या, पण उजेड नाकापाशी येतच राहिला. दुसरी पट्टी, तिसरी पट्टी, तेच. “नाकापाशी माया कमी पडतेय,” भाऊजी कपाळाला हात लावून म्हणाले. शिंप्यांच्या भाषेत माया म्हणजे शिवणीत जास्तीचं राखून ठेवलेलं कापड.

“बायकोच्या नाकापाशी माया,” सासूबाई गुडघा चोळत म्हणाल्या, “आईच्या गुडघ्यापाशी काय?”

इकडे त्यांच्या आग्रहाखातर ताईनं सुट्टीच्या दिवशी एक निळी गोळी घेऊन बघितली. झोप लागली! अगदी मेल्यासारखी. सासूबाई घरभर मिरवल्या. पण ताई उठली आणि तिनं साखरेच्या डब्यात चहाची पूड ओतली, पायात एक चप्पल स्वतःची नि एक भाऊजींची घातली, आणि मला विचारलं, “तू कधी आलीस?” मी तासभर तिच्याशी बोलत होते.

“डोक्यात कापूस भरल्यासारखं वाटतंय गं,” ती म्हणाली. मी तिचा हात धरून तिला औषधांच्या दुकानात नेलं.

दुकानातल्या बाईंनी काउंटरवर दोन पाकिटं ठेवली, एक निळं, एक पांढरं. “दोन्हीत दुखण्याचं औषध तेच,” त्या म्हणाल्या. “निळीत वर गुंगीचं औषध असतं. ते कुणाकुणाला उठल्यावरही सोडत नाही. दुखण्यापायी जागणाऱ्या माणसाला एखाददुसऱ्या रात्री ठीक आहे. दुखत नसताना नुसत्या झोपेसाठी कशाला? आणि वरचेवर तर नकोच. तुमच्या सासूबाईंनाही एकदा डॉक्टरांकडे न्या. मान दुखली तर तुम्ही पांढरी घ्या. पण दोन्ही एकावर एक घेऊ नका, औषध दुप्पट होतं.” मग ताईच्या हाताचे घट्टे बघून त्यांनी विचारलं, “काम काय करता?” ताईनं सांगितलं. बाईंनी पांढरं पाकीट तिच्या हातात दिलं आणि निळं सरळ फळीवर परत ठेवलं.

इतकं स्पष्ट सांगितल्यावर कुणी निळीकडे बघेल? पण पोटात भीती शिरली की शहाणपण दाराबाहेर. शुक्रवारी संध्याकाळी ताई ड्यूटीवर निघाली तेव्हा आठवड्याची झोप तिच्या डोळ्यांखाली काळी होऊन साठली होती. भाऊजींनी नवी पट्टी नुकतीच पुरी केली होती, नाकापाशी चांगली दोन बोटं माया सोडून. पण ती बांधून अजून कुणी निजलं नव्हतं.

“नको,” ताई म्हणाली. “हीही फसली तर? मी निळीच घेणार. आठला घेतली की चारपर्यंत उतरेल.”

“आणि नाही उतरली तर?” भाऊजींचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. “गुंगीत क्रेनवर चढणार आहेस?”

“आणि डोळ्याला डोळाच लागला नाही तर? तरी पेंगतच चढायचंय ना? सांगा, काय करू?”

ताई सासूबाईंकडे वळली. “आई, मी येते तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नसतं. तुम्हीच लक्षात ठेवा. रात्री निळी द्या, सकाळी पांढरी. म्हणजे परीक्षेला मान मोकळी राहील.”

“रात्री निळी, सकाळी पांढरी,” सासूबाईंनी दोनदा घोकलं. “त्यात काय अवघड आहे?”

शनिवारी मी दुकानात रजा टाकली. ताई साडेसातला आली, अंघोळ करून अंथरुणावर बसली. “आता शिवलीत तर बांधा,” ती म्हणाली. भाऊजींनी पट्टी बांधली, नाकापाशी कापड दोन बोटांनी दाबून बसवलं, आणि दारापाशी जाऊन उभे राहिले. ताईनं आडवं होऊन हात पुढं केला. “आई, गोळी.”

सासूबाईंनी मुठीतली गोळी तिच्या तळहातावर ठेवली, पाण्याचा पेला दिला. ताईनं गिळली. “अशी सून हवी,” सासूबाई मला म्हणाल्या, “डोळ्यांवर पट्टी बांधून सासूच्या हातचं घेणारी.”

मग आम्ही जो पहारा दिला! मी रस्त्यावर उभी राहून भाजीवाल्याला पुढच्या गल्लीत पिटाळलं. भाऊजींनी दाराची घंटा काढून खिशात घातली. घंटा नसल्यानं एका गिऱ्हाइकानं दार ठोठावलं, तेव्हा त्याला जिन्यातच उभा करून, खुणांनी बोलत, त्याच्या कमरेचं माप घेतलं. सासूबाई बिचाऱ्या डुलकी लागून आपण घोरू या धाकानं पाण्याचे हबके मारत बसल्या होत्या. एरवी त्यांना चिडवायची एकही संधी मी सोडत नाही, पण तेव्हा मला त्या फार आवडल्या.

दोनच्या सुमाराला मागच्या खोलीचं दार उघडलं. पट्टी कपाळावर सरकवून ताई उभी होती. डोळे लख्ख!

“सकाळ झाली?” तिनं विचारलं. मग मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. “अगं, मान पण मोकळी!”

“गोळी जिंकली!” सासूबाईंनी टाळी वाजवली. “पट्टीवाले, बसा आता टिपा उसवत.” भाऊजी हसले. हरल्याचं दुःख होतं की नाही कोण जाणे, पण ताईसाठी चहा टाकायला लगेच उठले. जिना उतरताना मी पांढऱ्या गोळीची आठवण करून दिली, तर ताई म्हणाली, “मान दुखतच नाहीये, कशाला हवी?” आणि आम्ही बंदर गाठलं.

घरच्यांना आत सोडत नाहीत. भाऊजी आणि मी जाळीच्या कुंपणाला नाक लावून उभे राहिलो. वारा सुटला होता, आणि नेमका आजच! ताई शिडी चढायला लागली. “जांभई दिली का?” भाऊजी विचारत होते. “बघ, बघ, तोंड उघडलं का?”

“इतक्या लांबून तोंड दिसतं का, भाऊजी!”

आवारात परीक्षा घेणारे साहेब होते आणि तो इशारेवाला. या पठ्ठ्यानं लख्ख उन्हात नखशिखांत रेनकोट घातला होता! एकदा भिजलेला माणूस. सगळा धक्का हसत होता, आणि माझ्या मात्र तोंडचं पाणी पळालं होतं.

पिंप उचललं गेलं. पहिला खांब गेला, दुसरा गेला. तिसऱ्या वळणावर वाऱ्याचा झोत आला आणि पिंप झोके घ्यायला लागलं. एक मोठा झोका, दुसरा त्याहून मोठा. भाऊजींनी माझा दंड इतका घट्ट धरला की पुढं आठवडाभर वळ होता. मला वाटलं, आता ती घाबरून क्रेन थांबवणार, आणि पाणी उसळणार. पण ताई थांबली नाही! पिंप ज्या बाजूला झुललं त्याच बाजूला तिनं हलकेच क्रेन त्याच्या मागोमाग नेली, रडक्या पोराच्या मागून आई जाते तशी. झोका मेला. उरलेले खांब पिंपानं असे पार केले की जणू त्याला घरी जायची वाट ठाऊक होती. वर्तुळात टेकलं तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.

साहेबांनी वाकून आतली खूण बघितली. पुन्हा बघितली, आणि अंगठा वर केला. आणि इशारेवाल्यानं एका हिसक्यात रेनकोट काढून हवेत उडवला. “कोरडा!” तो नाचत ओरडला. “घारीनं मला कोरडा ठेवला!”

माझा आवाज बसला तो तेव्हा. भाऊजी कुंपणाची जाळी धरून रडत होते आणि अनोळखी लोकांना सांगत होते, “माझी बायको आहे ती. वर आहे ना, ती.”

संध्याकाळी घरात नुसता कल्लोळ होता. ताईनं पिंपाचा प्रत्येक झोका हातवारे करून चारचारदा सांगितला. शेजारी आले, गेले. जेवणं झाली. ताई सासूबाईंच्या गळ्यात पडून म्हणाली, “आई, तुमच्या गोळीनं तारलं मला.” सासूबाई लाजल्या. भाऊजी कोपऱ्यात बसून रिळावर दोरा गुंडाळत होते.

थोड्या वेळानं सासूबाई उठल्या आणि पाण्याचा पेला घेऊन आल्या. दुसऱ्या तळहातावर निळी गोळी. “घे बाई. रात्र झाली.”

ताई बघतच राहिली. “आता? कशाला?”

“कशाला म्हणजे? रात्री निळी, सकाळी पांढरी. तूच म्हणालीस ना?”

खोलीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, आणि शिंप्याच्या घरात टाचण्यांना तोटा नाही. “आई,” ताई सावकाश म्हणाली, “मग मी कामावरून आले तेव्हा काय दिलंत?”

“पांढरी! सकाळचे आठ वाजले होते. सकाळी पांढरीच द्यायची ना? का तेही तुमच्या घरात वेगळं असतं?”

भाऊजींच्या हातातलं रीळ सुटलं आणि खाटेखाली गडगडत गेलं. तो झोका, तो वारा, ती उंची, आणि त्यात डोक्यात कापूस असता तर! सासूबाईंना काय झालं ते आमच्या चेहऱ्यांवरून हळूहळू उमगलं आणि त्यांचा चेहरा इतकुसा झाला. “चुकलंच की गं माझं,” त्या पुटपुटल्या. पण तोवर ताईला हसू फुटलं होतं. ती हसता हसता जमिनीवर बसली, मग मी, मग रीळ शोधायला खाटेखाली शिरलेले भाऊजी तिथूनच.

डोळे पुसून ताईनं उशीखालची पट्टी काढली. उलटीसुलटी करून बघितली, नाकापाशी सोडलेल्या कापडावरून अंगठा फिरवला. “म्हणजे हिनंच निजवलं होतं मला?”

“माया पुरली म्हणायची,” भाऊजी म्हणाले. केसांत जळमटं, हातात रीळ. ताई त्यांच्याकडे अशी बघत राहिली की मीच दुसरीकडे तोंड फिरवलं.

सासूबाईंनी निळी गोळी न्याहाळली आणि पाकिटात परत टाकली. “आज गुडघ्यांना दुखायला वेळच मिळाला नाही,” त्या म्हणाल्या. “सोमवारी न्या मला डॉक्टरकडे.”

ताईला त्या रात्री ड्यूटी नव्हती. भाऊजी सवयीनं पुढच्या खोलीत मशीनवर बसले, विजारीचा पाय सुईखाली सारला, आणि एकदम हात मागं घेतला. घरात ताई होती! ते बावरून बटणांचा डबा शोधायला लागले.

“चालवा हो,” मागच्या खोलीत खाटेवर लवंडत ताई म्हणाली. “मला कुठली आज झोप! जरा पाठ टेकते नुसती.” पट्टी तिनं बांधली नाही, मुठीत धरली. भाऊजींनी भीत भीत पायडल दाबलं. मशीन धडधडायला लागलं, खाटेवरचा दिवा भगभगत होता, आणि सासूबाई मला झोक्याची गोष्ट माझ्याच कानात ओरडून सांगत होत्या. विजारीची एक बाजू शिवून होईस्तोवर ताईचं तोंड उघडं पडलं होतं. मुठीतली पट्टी खाली लोंबत होती.

सासूबाई बोलायच्या थांबल्या. “बघ,” त्या कुजबुजल्या, “निजेला धोंडा.”

भाऊजींनी मशीन थांबवलं. विजार तशीच अर्धवट सुईखाली ठेवली, उठले, आत आले आणि दिवा मालवला. मी आणि सासूबाई हसू दाबत, अंधारात एकमेकींना चाचपत, पुढच्या खोलीत आलो आणि मागं दार ओढून घेतलं.